ऑइल खाणारी गाडी

“वैजू, त्याला विचार, गाडी आत्ताच काढू की काकू आल्यावर?” दादा अंगणातून ओरडला.

‘तो’ म्हणजे माझा धाकटा भाऊ दिगू. तो दादापासून दोन हातांवर, तुळशीच्या कट्ट्याला टेकून उभा होता. मी माजघरात खिडकीचा गज धरून पहिली मोठी कळ ओसरायची वाट बघत होते.

“ताई, सांग त्याला,” दिगू म्हणाला, “काकूंना आणल्याशिवाय गाडी काढून करणार काय? बाईमाणूस नको का बरोबर?”

“दादा, ऐकलंस ना?” मी दात आवळून म्हटलं.

ऐकलं होतंच. तरी माझं बोलणं पुरं होईपर्यंत तो जागचा हलला नाही. मग पायात वहाणा सरकवून तो बायोकाकूंना आणायला खालच्या वाडीकडे पळाला.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली असतील. आमचं गाव खारशेत, खाडीच्या काठाला. तालुक्याचा दवाखाना वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, म्हणजे घाटी चढून जायचं. मोबाइलला रेंज नव्हती आणि फोन केला की दारात येणारी रुग्णवाहिका तेव्हा कुणी स्वप्नातही बघितली नव्हती. माझं पहिलंच बाळंतपण. त्यात बाळ पायाळू. डॉक्टरीणबाईंनी मला आणि दोन्ही भावांना समोर बसवून बजावलं होतं, “कळा सुरू झाल्या की घरात थांबायचं नाही. सुईणीचे प्रयोग नकोत. पाय आधी बाहेर आले आणि डोकं अडकलं, तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही.” दोघांनी एकदमच माना डोलावल्या होत्या. फक्त एकमेकांकडे बघितलं नव्हतं.

आई जाऊन वर्ष झालं होतं. दोघांचीही लग्नं व्हायची होती. माझ्या सासूबाई मुंबईत सहज म्हणून गेल्या, “आई नाही तर माहेरी बाळंतपण कोण करणार?” ते दादाच्या कानावर गेलं आणि त्याला फार लागलं. त्याने मुंबईत आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला, “आई नसली तरी माहेर आहे. वैजूने इथेच यायचं.” दुसऱ्या दिवशी दिगूचाही तोच निरोप, त्याच शब्दांत. मला किती बरं वाटलं! भावांचं माझ्याबाबतीत एवढं एकमत आहे म्हणून मी सातव्यातच बॅग भरून आले. आल्यावर कळलं, की दोघांनी वेगवेगळे निरोप ठेवले होते, कारण दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते.

आणि त्याला कारण म्हणे ही गाडी.

आंबा-काजूचे खोके पोचवायला आणि उन्हाळ्यात पाहुणे फिरवायला दादाने एक जुनी डिझेल गाडी घेतली. पांढरी, सात माणसं बसतील अशी. विकणारा त्याचा शाळेतला सोबती. दिगू जेटीवर लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा, पण दादाने त्याला बरोबर नेलं नाही. “आपल्याच माणसाच्या दारात मेकॅनिक घेऊन जायचं? शोभतं का ते?” असं त्याचं म्हणणं. बोनेट उघडून बघणंसुद्धा त्याला अपमानाचं वाटलं. सोबत्याचा चहा पिऊन, त्याच्या आईच्या पाया पडून तो गाडी घेऊन आला.

दारात पूजा झाली, नारळ फुटला, वाडीतली माणसं पेढे खात उभी होती. तेवढ्यात दिगू जेटीवरून आला. त्याने सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि ते काळं, तेलकट बोट सगळ्यांना दाखवत म्हणाला, “दादा, चांगलाच फसलास. ही ऑइल खाते.”

लोक हसले. लोकांना काय, हसायला निमित्त हवं असतं. दादाचा चेहरा उतरला. “माझ्या गाडीला परत हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “तुझ्याशी बोलतोय कोण!” दिगू म्हणाला. झालं. तेव्हापासून घरात अबोला.

एका घरात राहायचं, एका टोपातला भात खायचा आणि बोलायचं मात्र मांजराशी. “भात झालाय, ज्याला जेवायचं असेल त्याने जेवावं,” हे मांजराला. “विहिरीचा पंप बिघडलाय, कुणाला वेळ असेल तर बघावं,” हेही मांजरालाच. मी आले, मांजर सुटलं आणि मी अडकले. ‘त्याला सांग’, ‘त्याला विचार’, ‘त्याला म्हणावं’, दिवसभर हेच. आधी मला हसू यायचं. मग डोकं उठायला लागलं. पण आठव्या-नवव्या महिन्यात भांडायला तरी अंगात बळ कुठून आणायचं?

गाडी ऑइल खात होती हे खरंच होतं. मला ते कसं कळलं सांगते. एकदा कणगीमागचं सूप काढायला म्हणून मी हात घातला तर ऑइलचे डबे हाताला लागले, एकामागे एक. दादा ओशाळला. “थोडं मागते ती. जुन्या गाड्या मागतातच,” तो म्हणाला. “मी रोज संध्याकाळी घालतो थोडं. पण वैजू, त्याला कळता कामा नये. आईची शपथ आहे तुला.” आता आईची शपथ घातल्यावर मी काय बोलणार? मी डबे होते तसे सरकवून ठेवले.

तर त्या दिवशी सकाळची न्याहारी होते न होते तोच कळा सुरू झाल्या. दादा बायोकाकूंना घेऊन आला. काकू म्हणजे वाडीतल्या कुणाच्याही अडीनडीला धावणारी बाई. आल्या आल्या त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “चला, निघूया. गादी घाला गाडीत.” दिगू आत येऊन गादी गुंडाळायला लागला. दादा बाहेर गाडीपाशी काहीतरी खुडबुड करत होता. बोनेट आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. मला वाटलं, पाणी बघत असेल.

मधल्या सीटवर गादी घालून मला तिरकं बसवलं. काकू माझ्या पायांशी. दादा स्टिअरिंगवर. दिगूने पुढे दादाच्या शेजारी बसायचं, ते नाही! तो मागच्या दाराने चढून शेवटच्या आडव्या बाकावर जाऊन बसला. त्यामुळे दोघांच्या बरोबर मध्ये मी.

सपाटीवर गाडी बरी चालली. खाडीवरचा पूल गेला, शाळा गेली. कळ आली की मी काकूंचा हात पिरगाळायचे आणि काकू म्हणायच्या, “पिळ गो बाय, पिळ, माझा हात काय लोण्याचा नाही.” दादा आरशातून सारखा माझ्याकडे बघत होता. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

घाटी सुरू झाली तसा मला वास आला. जळक्या तेलाचा, मळमळणारा. मला वाटलं माझंच काहीतरी, त्या दिवसांत वास सहन होत नाहीत.

“ताई, त्याला सांग, धूर बघ मागे,” दिगू म्हणाला. “पांढरा नाही, निळा येतोय. दम घे म्हणावं जरा.”

“दादा, दिगू म्हणतोय—”

“त्याला म्हणावं, दम घ्यायला वेळ आहे का आपल्याकडे? बहिणीकडे बघ म्हणावं.”

माझ्याकडे तर दोघंही बघत होते. मी म्हटलं, चालू दे. खरं सांगते, मलाही थांबायला नको होतं. मला तो दवाखाना हवा होता, पांढऱ्या कपड्यातली माणसं हवी होती. पोटात बाळ असं रेटत होतं, की माझ्या मनात एकच गोष्ट होती, पाय यायला नकोत. पोचेपर्यंत पाय यायला नकोत.

मधल्या वळणाला दादाने गिअर बदलला आणि गाडीचा आवाजच बदलला. इंजिन एकदम चढ्या आवाजात ओरडायला लागलं. गाडीने धक्का दिला आणि ती चढावर उसळली, कुणी मागून ढकलल्यासारखी.

“अरे, हळू!” काकू ओरडल्या.

“मी पाय काढलाय!” दादा म्हणाला. “मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवलेलाच नाही!”

पाय काढलेला, तरी गाडी पळत होती. समोर पुढचं वळण. उजवीकडे जांभ्याची उभी कापलेली भिंत, डावीकडे खाली खाडी. दादाने क्लच दाबला, ब्रेक दाबला, गाडी कशीबशी वळणाच्या अलीकडे थांबली. पण इंजिन थांबेना. क्लच दाबल्यावर तर ते मोकाट सुटलं. आवाज वाढतच गेला. सगळी गाडी थरथरत होती, काचा वाजत होत्या, माझे दात वाजत होते. मागच्या काचेतून काही दिसेना, नुसता धूर.

दादाने किल्ली फिरवली. काही झालं नाही. त्याने किल्ली काढून घेतली. किल्ली त्याच्या हातात आणि इंजिन ओरडतंच आहे! त्याने ती किल्ली वर धरून आमच्याकडे वळून बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. लहानपणी मला विंचू चावला होता तेव्हा त्याचा असा चेहरा झाला होता.

“बंद होत नाही,” तो म्हणाला. “वैजू, किल्ली काढली तरी बंद होत नाही!”

“इंजिन सुटलं!” दिगू मागून ओरडला. “डिझेल नाही जळत ते, स्वतःचंच ऑइल ओढून जाळतंय! आता फुटल्याशिवाय थांबायचं नाही! ताई, त्याला सांग, टॉप गिअर टाक म्हणावं! ब्रेक दाबून ठेव आणि क्लच एकदम सोड! गुदमरून बंद पडेल!”

दादाला हे ऐकू आलं होतं. एवढ्या आवाजातही आलं होतं, कारण त्याची मान हलली. पण तो तसाच बसला, किल्ली मुठीत धरून, माझ्याकडे बघत. दिगूही माझ्याकडे बघत होता. दोघंही थांबले होते. कशासाठी, तर मी सांगण्यासाठी! इतके दिवस जे माझ्या तोंडून आलं नाही ते ऐकू आलंच नाही, अशी दोघांना सवय लागली होती. आणि नेमकी तेव्हाच कळ आली. अशी आली, की माझ्या तोंडून शब्दच फुटेना. पाय ओले झाले. पाणी गेलं होतं.

“ताई, सांग ना!” दिगू किंचाळला.

दादा म्हणाला, “त्याला म्हणावं, तसं केलं तर गिअरबॉक्स फुटेल. चढावर आहोत, मागे जाईल गाडी—”

म्हणावं!

मला आजही कळत नाही ती ताकद कुठून आली. मी काकूंचा हात सोडला, पुढे वाकले आणि दादाच्या पाठीत जोराने गुद्दा घातला. मग मागे वळून दिगूच्या सदऱ्याला धरून हिसका दिला. “मेल्यांनो!” मी ओरडले. “माझं पोर मरतंय इथे आणि तुम्हाला निरोप पोचवू का मी? तोंडं नाहीत का तुम्हाला? बोल! दिगू, बोल त्याच्याशी! मी नाही सांगणार, मेले तरी नाही सांगणार!”

गाडी इंचभर मागे सरकली. काकूंनी डोळे मिटले.

“दादा!” दिगू ओरडला. आवाज फाटला त्याचा. “दादा, टॉप टाक! ब्रेकवर उभा राहा, पूर्ण उभा राहा, आणि क्लच सोड!”

“फुटेल रे दिगू!”

“फुटू दे! सोड!”

दादाने गिअर ओढला, अंग उचलून ब्रेकवर भार टाकला आणि क्लच सोडला. गाडीला असा हिसका बसला की माझं डोकं छताला लागलं. खालून काहीतरी कडकड वाजलं. इंजिनाने घुसमटून दोन-तीन गचके दिले आणि ते बंद पडलं.

इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू येत होता. दिगूने मागच्या दारातून उडी मारून चाकाखाली दगड लावले. दादाने हँडब्रेक ओढला आणि तो स्टिअरिंगवर डोकं टेकून तसाच बसून राहिला.

काकूंनी मला तपासलं. त्यांचा चेहरा घट्ट झाला. “वैजू, जोर लावू नको गो बाय,” त्या हळूच म्हणाल्या. “कितीही वाटलं तरी जोर लावायचा नाही. तोंडाने श्वास घे.”

“पाय आला का?” मी विचारलं.

“श्वास घे.”

म्हणजे आला होता, किंवा यायच्या बेतात होता. मी ढसाढसा रडायला लागले. आई, आई म्हणून रडले. आई जाऊन वर्ष झालं होतं, पण मी तिला हाका मारत होते.

बाहेर दिगूने बोनेट उघडून ऑइलची पट्टी ओढून बघितली. पुसली, परत बुडवून बघितली.

“हे एवढं ऑइल कुणी भरलं?” त्याने विचारलं. मला नाही, दादाला विचारलं. “खुणेच्या एवढं वर! बसायला जागा नाही म्हणून ते हवेच्या नळीत चढलं.”

दादा खाली उतरला. “मी घातलं,” तो म्हणाला. “निघताना. तू गादी आणायला आत गेलास तेव्हा. घाटी चढायची म्हणून डबाभर जास्त घातलं.”

दिगूने हातातली पट्टी खाली केली.

“काय झालं?” दादाने विचारलं.

“मी पण घातलं,” दिगू म्हणाला. “तू काकूंना आणायला गेलास तेव्हा. अख्खा डबा.”

“तू? तू कशाला हात लावलास?”

“रोजच लावतो. पहाटे तू झोपलेला असतोस तेव्हा थोडं थोडं घालतो. ताईला कधी न्यावं लागेल त्याचा नेम नाही, आणि तू तर कबूलच करायचा नाहीस की ती ऑइल खाते.”

“आणि मी रोज संध्याकाळी घालतो,” दादा म्हणाला. “तरी मी म्हणत होतो, हल्ली पातळी उतरत कशी नाही. मला वाटलं, गाडी सुधारली.”

“मलाही तेच वाटलं,” दिगू म्हणाला.

दोघं बोनेटवर वाकून उभे होते. मला गाडीतून त्यांच्या पाठी दिसत होत्या. माझं पोर अर्ध्या वाटेत अडकलं होतं आणि हे दोघे तिथे हिशेब जुळवत होते! अंगात होता नव्हता तो सगळा राग माझ्या तोंडाशी आला.

“ऐका,” मी म्हटलं. दोघं धावत दाराशी आले. “आजपासून तुम्ही दोघांनीही माझ्याशी बोलायचं नाही. एक शब्द नाही. माझं पोर वाचलं तरी नाही आणि गेलं तरी नाही.”

“वैजू—”

मी मान फिरवली.

आता गाडी तर संपलीच होती. दोघं रस्त्यात उभे राहून काय करायचं ते ठरवायला लागले. भराभर, एकमेकांना तोडत. दादा म्हणाला, मी वर सड्यापर्यंत पळतो, तिथे दुकानात फोन आहे. दिगू म्हणाला, तुला दम लागतो, तू थांब, मी पळतो. दादा म्हणाला, तू थांबायला हवं, उचलायचं झालं तर तुझ्या अंगात जोर आहे. दिगू म्हणाला, गादीसकट उचलून चालतच निघू या का? दोघांचंही डोकं चालत नव्हतं, पण आता ते दोघांचं मिळून चालत नव्हतं एवढं मला त्या अवस्थेतही कळलं.

तेवढ्यात खालून मासळीचा टेम्पो आला. दाऊद चालवत होता, दिगूच्या जेटीवरचा. दिगू त्याच्या समोरच जाऊन उभा राहिला. दाऊदने एकदा गाडीत डोकावून बघितलं आणि काहीही न विचारता शेजारच्या सीटवरचं सगळं सामान बाहेर फेकून दिलं. दादाने माझ्या काखांत हात घातले, दिगूने पाय उचलले. “हळू रे.” “तू मान सांभाळ.” “धरलीय, तू चल.” त्यांनी मला काकूंच्या मांडीवर आडवं ठेवलं आणि स्वतः मागे बर्फाच्या खोक्यांवर चढले.

पुढचा रस्ता मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. दाऊदचा एक हात सतत हॉर्नवर. काकूंचं ‘जोर नको, जोर नको’. जोर न लावणं हे किती अवघड असतं ते पुरुषाला कधी कळायचं नाही. सगळं शरीर एक म्हणतं आणि आपण दुसरं करायचं. मी दाऊदच्या सीटचं रेक्झिन नखांनी फाडलं. आणि मागच्या जाळीतून येणारे ते दोन आवाज. दादा म्हणत होता, “दिगू, वाचेल ना रे पोर?” आणि दिगू म्हणत होता, “वाचेल. दादा, धर नीट, पडशील.” पुन्हा दादा तेच विचारायचा. पुन्हा दिगू तेच सांगायचा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला बघितलं आणि स्ट्रेचर थांबूच दिलं नाही, तसंच आत नेलं. त्यानंतरचं मला माहीत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा ऊन कललं होतं. काकू उशाशी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एक गाठोडं. “मुलगी,” त्या म्हणाल्या. “पाय जरा निळे पडलेत, चोळून चोळून येतील ताळ्यावर. रडली मात्र अशी, की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं.” त्यांनी ते गाठोडं माझ्या गालाशी धरलं. मला हसू येत होतं की रडू, ते मलाच कळेना.

दारात दोघं उभे होते. अंगाला मासळीचा वास, म्हणून नर्सने आत घेतलं नव्हतं. दादाने हाक मारली, “वैजू.” मी भिंतीकडे तोंड केलं.

“अजून रागावलीय का रे?” दादाने विचारलं.

“तू विचार,” दिगू म्हणाला.

“तू विचार. तुझ्यावर तिचा जीव आहे.”

“गुद्दा तुला एकच बसला, माझा सदरा फाडलाय तिने.”

“पेज आणायची का तिला?”

“इथे देत नाहीत म्हणे अजून. तू बस, मी चहा आणतो तुला. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.”

मी भिंतीकडे बघत पडून राहिले. कुशीत माझी मुलगी झोपली होती.

दुसऱ्या दिवशी हे मुंबईहून आले. त्यानंतर घरी गेल्यावर सव्वा महिना मी माहेरी होते आणि त्या सव्वा महिन्यात मी दोन्ही भावांशी एक अक्षर बोलले नाही. काही हवं असलं तर काकूंना सांगायचे. काकू वैतागायच्या, “तुम्ही भावंडं सगळी एकाच माळेतली!” दादाने माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळले, म्हणजे लाडू कसले, दगडच. दिगूने कुठूनकुठून शोधून पाळणा आणला. मी लाडू खाल्ले, पाळण्यात मुलीला घातलं, बोलले मात्र नाही. बिचारे दोघं ओट्यावर बसून तासन्‌तास चर्चा करायचे. तिला कशाने बरं वाटेल, कालपेक्षा आज जरा हसली का, की तुलाच तसं वाटलं. त्यातून मग विहिरीच्या पंपाचा विषय निघायचा, मग आंब्याच्या कलमांचा. घाटीतून ओढून आणलेली गाडी अंगणात होती. दिगूने इंजिन उतरवलं, दादा त्याच्या हाताखाली पाने देत बसायचा. “अरे, बारा नंबर मागितला मी!” “मग बाराच दिलाय, डोळे उघडून बघ!” असं दोघांचं खिडकीतून ऐकू यायचं. मी मुलीला पाजता पाजता ऐकत राहायचे.

ह्यांनी एकदा येऊन मला समजावलं. “झालं गेलं. सख्खे भाऊ आहेत. एवढा राग बरा नाही.”

“राग कुठे आहे?” मी म्हटलं. “तो तर दवाखान्यात त्याच संध्याकाळी गेला.”

“मग बोलत का नाहीस?”

मी त्यांना गप्प बसा म्हणून खूण केली. बाहेर दादा कशावरून तरी मोठ्याने हसला होता. तसं हसताना त्याला मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

निघायचा दिवस आला. दोघं आम्हाला तालुक्याच्या एसटी स्टँडवर सोडायला आले. माझी बॅग दिगूकडे, मुलगी दादाकडे. गाडी लागली, मी खिडकीशी बसले. दादाने खिडकीतून मुलीला माझ्या मांडीवर दिलं आणि तिथेच गज धरून उभा राहिला.

“वैजू, जाताना तरी बोल गो,” तो म्हणाला. “चुकलं आमचं.”

“आमचंच चुकलं, ताई,” दिगू म्हणाला.

बसमध्ये बसल्यावर बोलायचं असं मी मनाशी ठरवून आले होते. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. पण दोघांच्याही तोंडून ते ‘आमचं’ ऐकलं आणि मला रडूच फुटलं. बोलणं राहूनच गेलं. मी पदराने तोंड झाकून घेतलं. त्यांना वाटलं, अजून राग गेला नाही.

“राहू दे, दादा,” दिगू हळूच म्हणाला. “पोचली की फोन करेल ती. चल.”

गाडी सुटायला अजून अवकाश होता. दोघं माघारी निघाले. दिगू हातवारे करून काहीतरी सांगत होता. दादा मध्येच थांबला, त्याला काहीतरी विचारलं, मग पुन्हा चालायला लागला. मी खिडकीतून बघत होते. आता रडू आवरलं होतं. हाक मारली असती तर दोघंही धावत मागे आले असते, आणि जे काही बोलत होते ते तिथेच राहिलं असतं.

मी हाक मारली नाही.